इंजिनाला लावलेला हात

नाशिकहून पहिली एसटी पकडून त्र्यंबकला उतरलो आणि तिथून जीपने धरणाच्या काठावर पोहोचलो, तेव्हा पाण्यावरचं धुकं विरत होतं. पलीकडच्या काठावरून हरसूलला जायचं होतं. तिथला आठवडे बाजार बघायचं किती वर्षं मनात होतं!

होडी बायकांच्या बचत गटाची. चालवणारी हिराबाई, चाळिशीची, कमी बोलणारी. भाजीच्या पाट्या घेतलेल्या पाच-सहा बाया आणि एक म्हातारे बाबा आधीच बसले होते. हिराबाईने इंजिनाची चावी फिरवली. नुसतं ‘टक’ झालं. पुन्हा टक.

“तारेच्या टोकाला बुरा चढलाय,” ती म्हणाली. “घासलं का व्हईल. घरून पॉलिश पेपर आणते.”

ती काठ चढून गेली. मला राहवलं नाही. “मी कॉलेजात हेच शिकवतो,” असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगून मी बॅटरीच्या दोन्ही तारा सोडवल्या, पेनचाकूने टोकं खरवडली आणि परत जोडल्या. दोन्ही तारा काळ्याच, लाल पट्टी कधीच गळून गेलेली. मोठी ठिणगी उडाली. त्यानंतर चावी फिरवली, तर टकही होईना.

हिराबाई परतली. “आतली वायरिंग जुनी आहे, जळली असणार,” मी म्हणालो. तिने बॅटरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तारांची अदलाबदल केली, इंजिनाचं झाकण काढून वितळलेला फ्यूज उपसला आणि शेजारीच खोचलेला नवा बसवला. इंजिन सुरू झालं. या सगळ्यात तासभर गेला होता.

“तरी मी म्हणत होतो,” बाबा बायांकडे वळून बोलले, “बाईच्या हातात इंजिन देऊ नका. आता बाजार उठल्यावर पोचा!”

हिराबाई म्हणाली, “चुकलं बाबा, माझ्याच हातून.”

बोलायची वेळ तीच होती. मी डोंगरांकडे पाहत बसलो. डोंगर सुंदर होते, एवढंच आठवतं.

हरसूलचा बाजार भरगच्च होता. नागलीची (नाचणीची) भाकरी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी खाल्ली. होडीतल्या बायांना रस्त्याकडेची जागा मिळाली नव्हती, त्या पार मागे उन्हात बसल्या होत्या. चहाच्या टपरीवर बाबा होडीची गोष्ट रंगवून सांगत होते. मी त्यांच्या शेजारच्याच बाकावर चहा संपवला.

रात्री ओळखीच्या शिक्षकांकडे मुक्काम केला. सकाळी काठावर आलो, तर होडीत हिराबाई एकटीच. तिने सगळा जोर लावून चार-पाचदा दोरी ओढली, तेव्हा कुठे इंजिन सुरू झालं.

“चावीने नाही होत?”

“कालपासून बॅटरी चार्जच होत नाय.”

का होत नाही, ते मला लगेच कळलं. तारा उलट लागल्या की इंजिनातला चार्जिंगचा भाग उडतो. हेच मी मुलांना फळ्यावर काढून दाखवतो. पाण्याच्या मध्यावर आल्यावर मी म्हणालो, “ताई, काल तारा मी उलट्या जोडल्या. चूक माझी होती.”

“मला ठाऊक हाय.”

“मग तुम्ही स्वतःवर का घेतलंत?”

“तुम्ही पाहुणे. वाटलं, तुम्हीच बोलाल.” ती म्हणाली, “आता मला सांगून काय, सर? होडीत सांगायचं व्हतं. सोमवारी गटाची मीटिंग हाय. होडी बाबांच्या पुतण्याला चालवायला द्यायची म्हणत्यात.”

“मी येऊन सांगू का?”

“या की,” ती चटकन म्हणाली. नाव-गाव नीट सांगून तिने मला आपला नंबर दिला आणि माझाही घेतला.

नाशिकला परतल्यावर दोन दुकानं पालथी घातली आणि तो भाग मिळवून दुसऱ्याच दिवशी तिकडच्या जीपवाल्याबरोबर पाठवून दिला. सोमवारी मला तास होते, हे खरं. रजा शिल्लक होती, हेही खरं. सगळ्या बायांसमोर उभं राहायची कल्पनाच मला सोसेना.

मंगळवारी हिराबाईचा फोन आला. “भाग पोचला, सर.” मी कसा बसवायचा ते सविस्तर सांगितलं. ती हं, हं म्हणत राहिली. मीटिंगचं मी विचारलं नाही आणि तिनेही काढलं नाही.