सोमवारचा काटा

आमच्या कोळ्यांच्या घरात घशात काहीही अडकलं तरी तो काटाच असतो. आणि काट्यावर औषध एकच, कोरड्या भाताचा गोळा, न चावता गिळायचा. लहानपणी कोपरीला राहायचो तेव्हा असे किती गोळे गिळले, देव जाणे. मटण अडकलं, गोळा. चपाती अडकली, तरी गोळा. छातीच्या मधोमध घास रुतून बसलेला, तोंडात लाळ दाटलेली, आणि वरून आई पाठीत गुद्दा घालायची, "कोल्याची पोर ना गो तू? काटा काढता येत नाय?" ऐकणारे हसायचे आणि लाज मला वाटायची. आज आठवलं तरी डोकं फिरतं.

चाळिशी आली आणि एकदा ऑफिसात डब्यातली भेंडी-चपाती अडकली ती काही केल्या खाली जाईना. दोन मैत्रिणींनी रिक्षात घालून ठाण्यातल्या एका हॉस्पिटलात नेलं. दुर्बीण घालून घास काढला. डॉक्टरीण म्हणाली, अन्ननलिकेला आतून सूज आहे, ॲलर्जीची, बरीच जुनी. नळी अरुंद होत आलीय. "इतकी वर्षं काय करत होतात?"

काय करत होते? भात गिळत होते!

औषध स्टेरॉइडचं. दम्याच्या लोकांना मशीनमधून वाफ देतात ना, तेच. पण मधात घट्ट कालवून सावकाश गिळायचं, म्हणजे नळीला आतून चोपडून बसतं. मग अर्धा तास पाण्याचा थेंब नाही, नंतर चूळ भरायची. केमिस्ट मलाच शिकवायला लागला, "मॅडम, हे प्यायचं नसतं." चिठ्ठी त्याच्या नाकासमोर धरली. म्हटलं, वाचा.

पण केमिस्ट परवडला. आई आमच्याकडेच असते, डोंबिवलीला. मी कामावर गेले की माझ्या सात वर्षांच्या मुलीला तीच बघते. स्टेरॉइड म्हटल्यावर तिने घर डोक्यावर घेतलं. हाडं ठिसूळ होतील, तोंड सुजेल, शेजारणीच्या जावेचं असंच झालेलं. मी औषध गिळलं रे गिळलं की पाण्याचा तांब्या माझ्या पुढ्यात. "घोटभर पी, नायतर घशाला चिकटंल." अगं बाई, चिकटायलाच हवंय ते! रोज तेच. दोनेक महिन्यांत मी पाणी न ढोसता भाकरी खायला लागले. तर आई म्हणते, "इरघलला असंल काटा." कपाळ माझं!

आणि परवा सोमवारी जेवताना मुलगी मध्येच थांबली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "मम्मी, खाली जात नाहीये."

आईचा हात लगेच भाताच्या टोपात. "थांब हां, हा गोला गिल."

मी तिचं मनगट धरलं. इतक्या जोरात ओरडले की समोरच्यांनी दार उघडलं. "आज सोमवार आहे! घरात मासळीच नाही! काटा आला कुठून, वरणातून?" मुलीने खोकून खोकून घास बाहेर टाकला आणि रडायला लागली. तिला कुशीत घेतलं तरी माझं तोंड बंद होईना. म्हटलं, मी ऑफिसात असताना हे झालं असतं तर? माझं झालं ते झालं, हिच्या तोंडात गोळा घातलास तर याद राख.

आईने मुठीतला भात ताटात ठेवला. मग म्हणाली, "तुजा बापूस पन असाच अडकायचा. सोमवारी पन. मोरीत जाऊन ओकायचा. मी बोलायची, पिऊन आलाय."

बाबांनी कधी दारूला हात लावला नव्हता. मरेपर्यंत सांगत राहिले ते. घरात एकानेही विश्वास ठेवला नाही.

आई रडायला लागली. मी तिला गप्प केलं नाही. म्हटलं, "उद्या हिला घेऊन ठाण्याला जायचंय. तू पण चल. आणि बाबांचं डॉक्टरला तू सांग, तुझ्या तोंडाने."