आत्याबाई आणि पडके किल्ले

जयपूरच्या आसपासचे किल्ले ज्यांनी बांधले त्यांनासुद्धा ते आमच्या आत्याबाईंइतके ठाऊक नसतील, आणि त्यांच्याइतका किल्ल्यांचा तिटकाराही अख्ख्या जगात दुसऱ्या कुणाला नसेल. आत्याबाई म्हणजे ह्यांची सख्खी आत्या, माझी आत्येसासू. साठ सालच्या आगेमागे ह्यांची विम्याच्या ऑफिसातून जयपूरला बदली झाली. आम्ही तिथल्या सोडाला वस्तीत दोन खोल्या घेतल्या, आणि अजून माझे डबेसुद्धा फळीवर लागले नव्हते तोच एक दिवस दारात टांगा थांबला. त्यातून आधी पत्र्याची ट्रंक उतरली आणि ट्रंकेमागून नऊवारीतल्या आत्याबाई उतरल्या. "किती दिवस राहणार?" असं विचारायची आमच्याकडे पद्धत नाही. त्यांनी आपण होऊनच सांगितलं, "सापडेपर्यंत."

सापडायचे होते ते त्यांचे यजमान. एकतीस वर्षांपूर्वी कऱ्हाडच्या घरातून सकाळी "कोपऱ्यावर जाऊन येतो" म्हणून जे बाहेर पडले ते आलेच नाहीत. मग कधीतरी गावातला एक जण उत्तरेची यात्रा करून परतला आणि म्हणाला, जयपूरकडच्या डोंगरात एका पडक्या किल्ल्यात मी त्यांना बघितलं, बैरागी झालेत. कुठला किल्ला? तेवढं मेल्याच्या लक्षात नव्हतं! आता ह्या मुलखात डोंगर तितके किल्ले, आणि उरलेल्या टेकाडांवर गढ्या. पण आत्याबाईंना त्याचं काही नाही. दर रविवारी सहा वाजता त्या आंघोळ करून, ठसठशीत कुंकू लावून, दशम्यांचा डबा बांधून दारात उभ्या. ह्यांना नेमकं रविवारीच ऑफिसचं काम निघे. मग उरले कोण? मी. लोक जयपूर बघायला लांबलांबून येतात, आणि मला त्या गुलाबी शहराकडे पाठ करून उन्हातान्हात दगड चढायचे. बसचा कंडक्टरसुद्धा ओळखीचा झाला होता. "आज कौनसा गढ़, माईजी?" असं तो विचारायचा आणि माझ्याकडे कीव केल्यासारखं बघायचा.

ते कुंकूही सहज राहिलेलं नव्हतं. माणूस बारा वर्षं परागंदा झाला की तो गेला असं धरून त्याचा पुतळा करून जाळतात. सासरच्यांनी सगळी तयारी केली, भटजींनी पळसाच्या पानांचा चांगला माणसाएवढा पुतळा मांडला. आत्याबाई पदर खोचून आल्या, पुतळ्याच्या भोवती एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "ह्यांच्या डाव्या कानामागं मस आहे. ह्याला कुठाय? हे माझे यजमान नव्हेत. परक्या पुरुषाला मी अग्नी देऊ देणार नाही." भटजी चाळीस वर्षं भिक्षुकी करत होते, पण पुतळ्याला मस मागणारी बाई त्यांना पहिल्यांदाच भेटली. दक्षिणा न घेता गेले म्हणतात.

किल्ल्यांविषयी त्यांची मतं स्वच्छ होती. नीट राखलेला किल्ला त्यांच्या लेखी फुकट. आमेरच्या महालात वाटाड्या आरशांची नक्षी दाखवत असताना त्यांनी त्याला मध्येच थांबवलं, "वो रहने दो भैया, पडका भाग किधर है?" तो बिचारा म्हणाला, "माईजी, यहाँ सब मज़बूत है." आत्याबाई माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "चल गं. इथं काही राम नाही." नाहरगडावरून खाली सगळं शहर दिसतं, मी दोन मिनिटं टेकले तर म्हणाल्या, "घरं काय बघायची? घरात असते तर आपण इथं कशाला आलो असतो?" जिथं छत कोसळलंय, झुडपं उगवलीत, वटवाघळांचा वास येतोय, तिथं मात्र त्यांचा चेहरा उजळे. पडक्या ठिकाणी बैरागी राहतात, आणि बैरागी दिसला की आत्याबाईंची परीक्षा सुरू.

जटादाढीत कान दिसणार कुठून? नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारायची नाही, जीव गेला तरी. म्हणून त्यांनी युक्ती काढली होती. बैराग्याच्या मागून जाऊन एकदम ओरडायचं, "अहो, दूध उतू गेलं!" मराठी माणूस संन्यासी झाला तरी एवढ्यावर दचकतोच असं त्यांचं म्हणणं. झालं असं की दूध हा शब्द हिंदीवाल्यांनाही कळतो. एकजात सगळे बाबा लोटा पुढे करून म्हणायचे, "लाओ, माई!" मी लाजेनं अर्धमेली व्हायची. आत्याबाई शांत. "लाओ म्हणणारा आपला नव्हे. आपला असेल तो मलाच विचारील, लक्ष कुठं होतं तुझं?"

मी एकदा धीर करून म्हटलं, "आणि सापडलेच तर काय करणार हो?"

"आधी फैलावर घेणार. मग जेवायला वाढणार."

फैलावर घ्यायचं सगळं पाठ होतं. लसूण सोलताना त्या पुटपुटत असायच्या ते मी आधी स्तोत्र समजायची. एकतीस वर्षांचं भांडण ते, त्यात रोज भर पडायची. तिसऱ्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे सुजले. डॉक्टरांनी जिनासुद्धा चढू नका म्हणून सांगितलं. "एवढा हिवाळा चढते," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी हे पाय येणार नाहीत." खरं सांगते, मी मनात देवाला म्हणत होते, तो माणूस सापडू दे नाहीतर मेल्याचं कळू दे, पण हे संपव एकदा. असलं मागणं मागितल्याची मला अजून शरम वाटते.

आणि एका रविवारी, बसमधून उतरून तासभर चालल्यावर लागलेल्या एका गढीत, फुटक्या कमानीखाली एक म्हातारा बैरागी आमच्याकडे पाठ करून कणीक मळत होता. आत्याबाई धापा टाकत गेल्या आणि म्हणाल्या, "अहो, दूध उतू गेलं!"

तो वळलासुद्धा नाही. "लक्ष कुठं होतं मंग तुमचं?" म्हणाला.

माझ्या हातातला डबा पडला. आत्याबाई पुढं झाल्या आणि काही न विचारता त्यांनी आपल्या हातानं त्याच्या डाव्या कानावरची जटा बाजूला केली. मस नव्हता. कान पार कोरा होता. तो विदर्भातला, वर्ध्याकडचा कुणी होता. अठरा वर्षं झाली होती घर सोडून. आमचा कुणी नव्हे. मला वाटलं आता ह्या कोसळणार. छे! आत्याबाईंनी कमरेवर हात ठेवले आणि त्या परक्या माणसावर सुरू झाल्या.

"कोपऱ्यावर जाऊन येतो म्हणालात ना? हा कोपरा? चार दिवस ताट वाढून झाकून ठेवलं मी! हळदीकुंकवाला मला बोलवावं की नको म्हणून बायका दाराशी कुजबुजतात, मला ऐकू येतं ते, तुम्हाला आलं कधी? सवाष्ण म्हणून जेवायला बसवत नाहीत, विधवा म्हणून टाकतही नाहीत. काय म्हणून जगले मी? सांगा ना, काय म्हणून?" अर्धा तास. कणकेचे हात तसेच मांडीवर ठेवून तो मान खाली घालून ऐकत होता. मध्ये एकदाच म्हणाला, "चुकलं बाई माह्यं." मी भिंतीकडे तोंड करून रडले.

भांडण संपल्यावर आत्याबाईंनी त्याला दशम्या वाढल्या आणि बायकोचा पत्ता विचारून घेतला. घरी येऊन स्वतः कार्ड लिहिलं, तुमचे यजमान अमुक ठिकाणी आहेत, जिवंत आहेत. "मला कुणी असं लिहिलं असतं तर," म्हणाल्या, आणि कार्ड पेटीत टाकायला माझ्या हाती दिलं. तीन आठवडे रोज पोस्टमनची वाट बघणं चाललं होतं. उत्तर आलं. चारच ओळी होत्या. आपले कार्ड पोचले. बारा वर्षे वाट पाहून आम्ही त्यांचे क्रियाकर्म केले. मुलीचे लग्न ठरले आहे. पुन्हा लिहू नये.

आत्याबाईंनी ते दोनदा वाचलं. "बरोबर आहे तिचं," म्हणाल्या. त्या दिवशी लसूण सोलताना त्यांचे ओठ हलले नाहीत.

रविवारी त्या गुडघ्यांना फडकी बांधून निघाल्या. मी पाया पडून सांगितलं की नका जाऊ, काय सांगणार त्याला? ऐकतील तर शपथ. म्हातारा कमानीखाली होताच. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, पण आमची चाहूल लागल्याबरोबर सावरून बसला. "पत्र आलं का, बाई? काय म्हन्ते?"

आत्याबाईंनी कार्ड काढलं, हात लांब करून धरलं. "स्वामींचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार," त्यांनी वाचायला सुरुवात केली. "कार्ड पोचलं. जिवंत आहात हे कळून बरं वाटलं. मुलीचं लग्न ठरलंय, स्थळ चांगलं आहे. मी रागावले होते, आता नाही. थंडीत उघड्यावर निजू नये. तुमचं धोतर अजून ठेवलंय. आई जाताना तुमचंच विचारत होत्या, आला का गं म्हणून. मी त्यांना सांगितलं, निघालेत, वाटेत आहेत."

म्हाताऱ्यानं मान वर केली. "माय तं माही मी पाळन्यात असतानाच गेली, बाई," तो हळूच म्हणाला.

आत्याबाई थांबल्या. मला काय करावं कळेना, मी उगीच डब्याचं फडकं सोडू लागले. त्यानं मान पुन्हा खाली घातली.

"वाचा," तो म्हणाला. "असंल ते वाचा. आयकतो मी."

आत्याबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि कार्ड उलटं केलं. त्या बाजूला आमच्या घराचा पत्ता तेवढा होता. त्या पुढं वाचू लागल्या.