अर्ध्या तळ्याची ढेप

दोन हजार बावीस साल. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि माझ्या शेततळ्यात दुसऱ्या कोणाचं डोकं चालू देणार नाही, असं साऱ्या गावाला सांगून बसलो होतो.

तरी तालुक्याच्या कॉलेजातली मॅडम आलीच. तिला माझं तळं प्रयोगाला पाहिजे होतं. मासे मला, मोजमाप तिला. मासे सोडून नुसतं मोजमाप मागणाऱ्याच्या मनात काय असन? मी चौथीतून शाळा सोडली, पण एवढं समजते. तिचा कागद तीन दिवस घरात ठेवला, पेटीतला सातबारा जागेवर आहे का ते पाहून घेतलं, मगच सही केली.

तिनं तळ्याच्या मधात जाळी लावली. दोन्हीकडे सारखेच रोहू, कटला सोडले. उगवतीकडच्या अर्ध्यात कॉलेजचं गोळीखाद्य. मावळतीकडे फक्त शेण.

"शेणानं पाणी हिरवं होतं, काका. तेवढ्यावर मासे पोसतात का, ते पाहायचंय. तुम्ही तिकडे काही टाकू नका."

"अन् नाही पोसले तं?"

"तर नाही पोसले, असं लिहायचं."

मी मनात म्हटलं, सापडली. इकडचे उपाशी ठेवायचे अन् लोकांना दाखवायचं, पाहा आमची गोळी कशी भारी. गोळीवाल्याशी हिचं काही तरी असलंच पाहिजे. दर महिन्याला ती जाळं ओढायची, मासे तोलायची अन् परत पाण्यात सोडून द्यायची. तोललेला माल कोणी परत सोडते? एकदा बाटलीत पाणी भरून नेलं, तर मी तिच्या गाडीची डिक्की उघडायला लावली.

आमच्याकडे जोडीतल्या एका बैलाले ढेप अन् दुसऱ्याले कोरडा कडबा, असं कोणी करत नाही. मी भादव्यापासून रोज सकाळी घमेलंभर सरकीची ढेप, म्हणजे पेंड, भिजवून मावळतीकडे टाकू लागलो. गाईच्या वाट्यातली. मासे तोंड वर काढायचे. कॉलेजची लबाडी हाणून पाडतो आहे, याचं समाधान वेगळंच.

पोतं लवकर सरते, हे बायकोच्या ध्यानात आलं. "गाय तं तेवढीच खाते. कोणी तरी ढेप नेऊन राह्यलं," ती म्हणाली. तिचा संशय शेजाऱ्यावर. तो बोरी अरब गावात मोटारपंप दुरुस्त करतो. त्याचं तळं आमच्या बांधाला लागून, अन् त्याच्या घरी बकऱ्या. ती त्याच्या घरवालीशी बोलेनाशी झाली. मी गप्प राहिलो. ते गप्प राहणं मला आजही खटकते.

उन्हाळ्याच्या तोंडी शेवटचं वजन झालं. बांधावर लोक जमले. मॅडमनं वजन लिहिलं, खोडलं, काटा तपासला, पुन्हा तोललं. दोन्ही बाजू जवळपास सारख्याच.

"काका, इकडे काही पडलं तर नाही ना?"

"काय पडते? पाखरं हागतात तेवढं."

लोक हसले. तीही हसली, अन् तसंच वहीत लिहून घेतलं.

तेव्हा शेजारी म्हणाला, "मतलब खाद्याची गरजच नाही, चाचा. मी बकऱ्या इकतो अन् माशाचं बीज आणतो. नुसतं शेण टाकीन."

"बकऱ्या कायले इकतं बे?"

"तुमच्या तळ्यानं दाखवलं ना. कागदावर भरोसा नाही आपला, तुमच्यावर आहे."

संध्याकाळी बायको भाकर वाढता वाढता म्हणाली, "बरं झालं, बकऱ्या चालल्या. आतातरी आपली ढेप वाचन."

मी अर्ध्या भाकरीवर उठलो. त्याचे मासे नुसत्या शेणावर बोटाएवढे राहिले असते, अन् चोरही तोच ठरला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बायकोला सोबत घेऊन शेजाऱ्याच्या दारात गेलो. त्याच्या घरवालीसमोर सांगितलं, ढेप मी टाकत होतो, बकऱ्या इकू नको. तिथून सरळ एसटी धरून कॉलेज गाठलं. घमेलं संगं नेलं होतं, कारण मोजल्याशिवाय मॅडम ऐकणार नव्हती. ते तिच्या टेबलावर ठेवलं अन् म्हटलं, लिहा. मग तिनं लिहिलेलं मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं.