उ. म्हणजे काय?

ऐंशी-ब्याऐंशी सालची गोष्ट. मुलुंडच्या लोकरीच्या दुकानात माझ्या शेजारी पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. हातात अर्धवट विणलेला स्वेटर आणि मासिकातलं कात्रण. ओळीवर बोट ठेवून त्या पुटपुटत होत्या, "दोन सु., एक उ., दोन सु."

मग कात्रण माझ्यापुढे धरलं. "सु. म्हणजे सुलट, कळलं. पण उ. म्हणजे उलट विणा, की टाका नुसता उचला? मी उलट धरून नातवाच्या स्वेटरची अख्खी पाठ विणली, आणि नमुना भलताच उतरला. पूर्ण शब्द लिहिला असता तर शाई संपणार होती काय ह्यांची?"

तिथेच उभ्या उभ्या त्यांनी सुईवरून टाके काढले आणि लोकर खसाखसा उसवायला घेतली. मी समजूत घालायला म्हटलं, "जाऊ द्या, एवढंसं अक्षर ते."

त्यांचा हात थांबला. पिशवीतून त्यांनी एका लग्नपत्रिकेचं पाकीट काढलं. नावाआधी 'गं. भा.' लिहिलं होतं.

"धाकट्या दिरांनी पाठवलीय. नवऱ्याला जाऊन तीन महिने नाही झाले, तोवर माझं सौ. काढून हे चिकटवलं. मी विधवा झाले हे पोस्टमनलाही कळायला हवं ना. मग लिहा की पूर्ण. तेवढा तरी वेळ द्या माझ्यासाठी."

पाकीट पिशवीत टाकून त्या पुन्हा उसवत राहिल्या.

घरी माझ्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकांची थप्पी होती. पत्ते मीच लिहिले होते. सगळ्यात वरच्या पाकिटावर माझ्या आईचं नाव होतं, आणि नावाआधी माझ्याच वळणदार हस्ताक्षरात तीच दोन अक्षरं.