दिवाणाच्या जागी टाकी

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, हॉलमधला दिवाण कुठे गेला?" आजोबा "सांगतो, सांगतो" म्हणाले आणि त्यांनी तुमच्याकडच्या बर्फाचा विषय काढला. त्यांना ही गोष्ट त्यांच्या पद्धतीने सांगायची आहे आणि त्यांच्या पद्धतीत ते कुठेच चुकत नाहीत. म्हणून मीच सगळं क्रमाने लिहिते.

तुम्ही साकोलीहून गेलात तेव्हा तुमचा ऑस्कर जातीचा मासा करंगळीएवढा होता. "आजी, तू त्याला नीट सांभाळशील ना?" असं धाकटीने गाडीत बसल्यावरही काच खाली करून विचारलं होतं. मी हो म्हटलं. करंगळीएवढ्या माशाला सांभाळायचं ते काय! फ्रीजशेजारी तुमची छोटी टाकी होती, डब्यात खाणं होतं आणि नागपूरच्या दुकानदाराने दिलेला भरवसा होता. "मासा टाकीच्या मापानं वाढते, म्याडम. टाकी छोटी, तर मासा छोटा." मुलांना लहान बूट घातले म्हणून त्यांचे पाय वाढायचे थांबतात का, एवढा साधा प्रश्न मी त्याला विचारला नाही. जन्मभर वर्गात मुलींना प्रश्न विचारायला शिकवलं, पण दुकानात माणूस ग्राहक होतो.

मासा वाढला. आधी बोटाएवढा, मग तळहाताएवढा, आणि मग आम्ही जेवायला बसलो की काचेला तोंड लावून ताटाकडे बघण्याएवढा. जाड ओठ, गोल डोळे आणि फाइल कधी येते याची वाट बघणाऱ्या अधिकाऱ्याचा चेहरा. शेजारच्या काकूंनी त्याला "साहेब" म्हणायला सुरुवात केली आणि तुम्ही ठेवलेलं सुंदर नाव मागे पडलं. त्याबद्दल क्षमा असावी.

आता मोठी टाकी हवी हे दिसतच होतं. इथे तुमच्या आजोबांनी सूत्रं हातात घेतली. ज्याची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली, त्याच्यासमोर पाणी साठवण्याचा प्रश्न आणि तोही घरातल्या घरात! ते आठवडाभर तरुण दिसत होते. एवढ्या इंचांच्या माशाला एवढं पाणी, असं कोष्टक त्यांनी मोबाइलवर शोधलं. त्यावरून लिटर काढले. मग लिटर कुठे ठेवायचे ते पाहिलं.

खरं तर जागा त्यांनी आधीच ठरवली होती: हॉलमधलं सागवानी शोकेस. टीव्ही भिंतीवर गेल्यापासून त्यातला मधला कप्पा मोकळाच होता. खाली सिमेंटचा ओटा, त्यामुळे वजनाची चिंता नव्हती. अडचण एकच. कप्पा जेमतेम हातभर लांब आणि खोलीला फूटभर.

"अहो, हे अपुरं नाही का?" मी विचारलं.

"तुले सांगतो, ऐक. धरणाले बाजूची जमीन मिळत नसली तर काय करतात? भिंत उंच करतात. साठा वाढते." त्यांनी वरची फळी काढायला लावली आणि टाकी तीन फूट उंच केली. मला त्यात काही चूक दिसली नाही. गुणाकार मी पुन्हा करून पाहिला होता, तो बरोबर होता.

बसस्टँडजवळच्या काचवाल्याने टाकी जोडून दिली. दिवा लावल्यावर ती फार देखणी दिसायची. गल्लीतले लोक बघायला आले. काकू म्हणाल्या, "टीव्हीपेक्षा हाच बरा बाप्पा. जाहिराती नाईत."

काही महिने छान गेले. पाणी भरपूर होतं आणि साहेब वर-खाली, वर-खाली करत होते. पण ऑस्कर हा वर-खाली करणारा मासा नाही, तो आडवा पोहणारा आहे. तो जवळजवळ फूटभर झाला आणि त्याला वळता येईना. आमच्या बसस्टँडवर एसटी कशी थोडी मागे, थोडी पुढे, पुन्हा थोडी मागे अशी निघते, तसं त्याचं चाललं. एसटीला निदान शिट्टी वाजवणारा कंडक्टर असतो. याचं नाक काचेला घासून पांढरं पडलं. शेपूट एका बाजूला वाकलेली राहायला लागली. मग एके दिवशी त्याने खाणं सोडलं आणि तळाशी कोपऱ्यात तोंड करून बसला.

त्या आठवड्यात धाकटी फोनवर म्हणाली, "आजी, मासा दाखव ना." मी म्हटलं, "झोपलाय तो." खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. मासा हातचा जाणार असं मला वाटत होतं आणि तुम्हाला ते कसं सांगायचं याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले होते.

सल्ल्यांना तोटा नव्हता. आपल्या जिल्ह्यात दर गावाला तलाव, त्यामुळे जो येई तो एकच सांगे.

"काहून एवढा जीव टांगून राहिल्या म्याडम? द्या तलावात सोडून," काकू म्हणाल्या. "नाईतर मले द्या. जवसाचं तेल हाय घरी."

"काकू!"

"गंमत केली हो. याचा रस्सा कोण खाईल, तोंड पाह्यलं की जेवण उतरत नाई."

तलावाचा विचार मी केला, नाही असं नाही. पण तो परदेशी मासा. जगला तर इथल्या माशांची पिल्लं खाईल आणि ज्यांचं पोट त्या तलावावर चालतं त्यांचं नुकसान करील. नाही जगला तर थंडीत मरेल. सोडून देणं म्हणजे आपल्या नजरेआड करणं, एवढंच. तो बेत मी तिथेच सोडला.

मग एका सकाळी शोकेसच्या ओट्यावरून पाणी ओघळताना दिसलं. टाकीचा तळाकडचा सांधा पाझरत होता. आजोबा गुडघ्यावर बसले, बोट लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "उंची जास्त झाली," ते पुटपुटले. "तळाशी दाब येते." धरणाच्या भिंतीसमोर बसल्यासारखे बसले होते बिचारे.

साहेबांना ठेवायचं कुठे? बादलीत मावत नव्हते. पिंपात उभे राहिले असते. तेवढ्यात मला कूलर आठवला. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरशिवाय घर नाही आणि थंडीत त्याच्याकडे कुणी बघत नाही. वरच्या खोलीतून आम्ही त्याची खालची प्लास्टिकची टाकी सोडवून आणली. चौकोनी, चांगली ऐसपैस, पण उथळ. साबण न लावता घासली. शोकेसमधलंच पाणी तिच्यात काढलं, गरम ठेवायची कांडी आणि हवेचा पंप लावला. ऑस्कर उडी मारतो, म्हणून वरून मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधला.

साहेब त्यात गेले. थोडा वेळ निपचित पडले. मग पुढे आले, भिंत लागली, आणि वळले. एका झटक्यात, काहीही मागे-पुढे न करता, पूर्ण गोल वळले. पुन्हा गेले, पुन्हा वळले. आम्ही दोघं वरून बघत होतो. संध्याकाळी मी दोन दाणे टाकले, ते त्याने खाल्ले. मग आणखी दोन.

"पण यात तर पाणी निम्मंही नाई!" आजोबा म्हणाले. हिशेब चुकल्यापेक्षा हिशेब बरोबर असून उत्तर चुकल्याचं त्यांना जास्त लागलं होतं.

मी शिवणाची टेप आणली. पाणी किती, हा प्रश्न खरा होताच. घाण त्या पाण्यातच विरायची असते. पण त्याच्या आधीचा प्रश्न आम्ही विचारलाच नव्हता: मासा लांब किती होणार आणि त्याला वळायला रुंदी किती लागणार? मी हॉलच्या फरशीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. पूर्ण वाढलेला ऑस्कर सव्वा फुटाच्या आसपास जातो. तेव्हा रुंदी दोन फूट, म्हणजे शेपूट न दुमडता वळेल. लांबी सहा फूट, म्हणजे चार शेपट्या मारल्या की भिंत येणार नाही. उंची दोन फूट पुरे, म्हणजे साफ करताना माझा हात तळापर्यंत पोचेल. पाणी सहाशे लिटरच्या वर. तेवढं वजन पेलायला लोखंडी स्टँड, आणि तोही तळमजल्यावरच्या पक्क्या फरशीवर.

वर्तमानपत्रं हॉलमध्ये इकडून तिकडे सरकवून पाहिली. दाराच्या वाटेत येत होती, खिडकीच्या उन्हात येत होती. बसली फक्त एका ठिकाणी. तुमच्या आजोबांच्या दिवाणाच्या जागी.

जेवणानंतर पंख्याखाली त्या दिवाणावर आडवं व्हायचं, हा आजोबांचा सेवानिवृत्तीनंतरचा एकमेव कार्यक्रम, तुम्हाला माहीत आहे. ते वर्तमानपत्रांकडे बघत राहिले.

"आन् मी कुठं झोपू?" ते म्हणाले. "शोकेसमध्ये उभा?"

"त्याला उभं केलंच होतं की आपण," मी म्हटलं.

ते कूलरच्या टाकीपाशी गेले, मच्छरदाणीतून वाकून पाहिलं. परत आले आणि स्वतःच दिवाणावरची चादर काढून घडी घालायला लागले. घडी वाकडी झाली, पण मी ती सुधारली नाही.

काचवाल्याने टाकी हॉलमध्येच जोडली, कारण एवढी मोठी दारातून आली नसती. सांध्यांतलं सिलिकॉन वाळेपर्यंत घरभर लोणच्याच्या बरणीसारखा आंबट वास होता. मग आजोबांनी ती मासा न सोडता नुसती पाण्याने भरून ठेवली, पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ मारली आणि येता-जाता रेघ बघत राहिले. पाणी रेघेवरून हललं नाही, तेव्हाच त्यांनी परवानगी दिली.

नव्या घरात साहेब आधी काळवंडून एका बाजूला पडून राहिले. मग रंग परतला. नाकावर नवी कातडी आली. शेपटीचा वाकडेपणा कमी झाला आहे, पूर्ण गेलेला नाही आणि कदाचित जाणारही नाही. ते तुमच्यापासून लपवत नाही. धाकटी, रविवारी तू नीट बघ.

दिवाण मागच्या खोलीत गेला. तिथे पंख्याचा वारा कमी लागतो, हे आजोबा रोज एकदा सांगतात.

काल काकू आल्या होत्या. खुर्ची ओढून टाकीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "एवढ्या जागेत एकटाच? अजून धा मावतील न जी."

मी उत्तर देणार, तोच मागच्या खोलीतून आजोबांचा आवाज आला. मला वाटलं होतं ते झोपलेत.

"मावतील हो. वळतील काय?"