सांबरशिंगाचं गंध

लग्न होऊन संगमनेरला आले तेव्हा मी पंधरा वर्षांची होते आणि तोंडभर पुटकुळ्या होत्या. लढाई चालू होती. आमचे हे पुण्याला लष्करी कचेरीत कारकून होते, दिवाळीला येणार होते. घरात मी, सासूबाई आणि मामंजी. मामंजी भिक्षुकी करत.

आल्या दिवशीच सासूबाईंनी सांगितलं, "देवघरातली वस्तू विटाळलीस तर तुला माहेरी पोचवीन." हसून म्हणाल्या की रागावून, ते कळलं नाही, कारण मी मान वर केली नव्हती.

पुटकुळ्यांवर मी माहेरी बरंच काही करून बसले होते. साय लावली, त्याने वाढल्या. वैद्यांनी लोध्र, धने आणि वेखंड वाटून लावायला सांगितलं. त्याने तोंड पिवळं झालं आणि पुटकुळ्या पिवळ्या तोंडावर जास्त उठून दिसल्या. जायफळ दुधात उगाळून लावलं तेव्हा झोप चांगली लागली.

संगमनेरला नदीकाठच्या मळ्यातून एक माळीण भाजी घेऊन दारावर यायची. तिने पाटी उतरवली आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"वैनी, लई उष्णता हाय तुमच्या अंगात. सांबरशिंग उगाळा चंदनाबरूबर आन लावा. आमच्या पोरीला लावलं हुतं, पार ग्येल्या."

दुसऱ्या दिवशी तिने शिंगाचा बोटभर तुकडा मेथीच्या जुडीत खुपसून आणून दिला.

आता उगाळायचं कशावर? पाट्यावर शिंग उगाळलं जात नाही, नुसतं खरवडलं जातं. घरात सहाण एकच होती, देवघरातली. मामंजी रोज तिच्यावर देवांचं गंध उगाळत. दुपारी ते यजमानांकडे गेले की मी सहाण घ्यायची, उगाळायची, तोंडाला लावायची आणि सहाण तीनदा धुऊन जागेवर ठेवायची. चौथ्यांदा धुवायला पाणी पुरत नसे.

आठवडाभर नीट चाललं. मग एका दुपारी मी उगाळत असताना सासूबाईंनी अंगणातून हाक मारली. कुरडया वाळत घातल्या होत्या आणि गाय सुटली होती. गाय पकडून, बांधून आत यायला तासभर गेला, तोवर मामंजी लवकर परतले होते. त्या दिवशी प्रदोष होता. आंघोळ करून ते पूजेला बसले होते. सहाण रिकामी होती. सगळ्या देवांना गंध लागलं होतं आणि मामंजींच्या कपाळावर दोन आडवे पट्टे होते.

"अगं, ऐकलंस का," ते सासूबाईंना म्हणाले, "सुनेने न सांगता गंध उगाळून ठेवलं. वळण आहे हो पोरीला."

सासूबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. लग्नानंतर मला कुणी हात लावून शाबासकी दिली ती तेवढीच. मी बाळकृष्णाच्या तोंडाकडे बघत राहिले. त्याच्या तोंडावर मुळातच काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून गंध उगाळण्याचं काम माझ्याकडे आलं. मी नुसतं चंदन उगाळलं. तिसऱ्या दिवशी मामंजी सासूबाईंना म्हणाले, "हिला विचार, प्रदोषाला गंधात काय घातलं होतं? माझ्या कपाळाच्या वळ्यांत घाम साचून सारखी आग होते. त्या दिवशी गार वाटलं. आता पुन्हा तेच."

सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. "काय गं, वाळा घातला होतास का?"

हो म्हटलं असतं तर संपलं असतं. पण मग रोज वाळा घालावा लागला असता आणि आग थांबली नसती.

"सांबरशिंग," मी म्हणाले.

त्या पाटावर बसल्या. "देवांना शिंग? हे मी नाही सांगायची. तूच सांग. आणि ट्रंक भरून ठेव."

सासऱ्यांशी मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. खाटेखालची ट्रंक बाहेर ओढून ठेवली आणि देवघराच्या उंबऱ्याशी उभं राहून जमिनीला सांगितलं, "त्यात सांबरशिंग होतं. माझ्या तोंडासाठी होतं."

मामंजी मृगाजिनावर बसले होते.  त्यांनी आपल्या मांडीखालच्या हरणाच्या कातड्याकडे पाहिलं.

"शिंग आपोआप गळून पडतं," ते म्हणाले. "हे काही आपोआप गळलेलं नाही."

देवांना त्यांनी पंचगव्याने स्नान घातलं, सहाणेलाही. मग सासूबाईंना हाक मारली.

"बाजारात पाटे-वरवंटे विकणारा वडार बसतो त्याच्याकडून दुसरी सहाण आण. सुनेला. देवांचं चंदन वेगळं, हे वेगळं." पुढे म्हणाले, "आणि त्यातलंच माझ्या कपाळापुरतं काढत जा म्हणावं. पूजेनंतर."

सासूबाईंनी माझी ट्रंक ढकलून पुन्हा खाटेखाली सारली. दुपारी नवी सहाण आली. मी उगाळायला बसले तशा त्या शेजारी येऊन बसल्या, डोळ्यांच्या कडेला बोट लावून म्हणाल्या, "हे सुरकुत्यांना चालतं का गं? थोडं जास्त उगाळ."

तेव्हापासून मी तिघांचं उगाळत असे. माझ्या पुटकुळ्या पहिल्या बाळंतपणानंतर आपोआप गेल्या. सासूबाई लेप धुऊन आल्या की माझ्यासमोर तोंड धरून विचारायच्या, "काही फरक?" तोवर मी मान वर करून बघायला लागले होते. फरक नव्हता. मी "आहे थोडा" म्हणत असे.