हॉट प्रेसमधले लाल बटण

शुक्रवारी सकाळी माझ्या मैत्रिणीचा, मेघनाचा संदेश आला : "रविवारी आमच्या वसाहतीची सभा आहे. तुझी यंत्रणा काढून घरोघरी केरोसिनचे बॉयलर बसवायचे, यावर मतदान. समितीचा डेक्लन म्हणतो, कॉम्प्युटरने घर तापत नाही." दुपारच्या गाडीने मी आयर्लंडच्या पूर्वेकडच्या मेनूथहून पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगोला निघाले. माझे दोन वर्षांचे काम कोणी हात वर करून मोडणार असेल, तर ते माझ्या तोंडावर मोडावे.

हा प्रवास सुमारे अडीच तासांचा. तिकीट आधी ऑनलाइन काढल्यास स्वस्त पडते. आयत्या वेळी निघणाऱ्याला ती सवलत नाही. मलिंगरपर्यंत जुना कालवा रुळांच्या सोबतीने चालतो, म्हणून खिडकीची जागा सोडू नये. पुढे ओली कुरणे, दगडी बांध आणि ऑक्टोबरचे कलते ऊन लागते.

मी ज्या व्यवस्थेसाठी भांडायला निघाले होते, ती अशी : वसाहतीच्या टोकाला एक बॉयलरघर आहे. तेथून गरम पाणी जमिनीखालच्या नळांतून प्रत्येक घरी जाते, उष्णता देते आणि गार होऊन परतते. ते जितके गार परतेल, तितकी व्यवस्था काटकसरी. गरमच परतले, तर ती पत्रे न वाटता भरल्या पिशवीनिशी परतणाऱ्या पोस्टमनची फेरी ठरते. घरातील टाकी तापली की झडप मिटवावी आणि कोणत्या घराला केव्हा किती उष्णता लागेल, हे शिकत जावे, एवढ्यासाठीच माझे संगणक. आणि तरीही यंत्रणा सुरू झाल्यापासून, गेले सहा महिने, पाणी गरमच परतत होते.

शनिवारी सकाळी रहिवासी समितीचे अध्यक्ष डेक्लन मला बॉयलरघरात घेऊन गेले. मागे बेनबुल्बेन डोंगराचा सपाट माथा ढगात बुडाला होता.

"परतीच्या नळाला हात लाव," ते म्हणाले. मी लावला आणि लगेच काढला.

"ही तुझी स्मार्ट यंत्रणा. माझ्या गाढवाला यापेक्षा जास्त कळतं."

"मग सभेपर्यंत मला तुमच्या गाढवाची जागा द्या," मी म्हणाले. ते हसले, पण मत बदलले नाही.

मेघना येथल्या रुग्णालयात डॉक्टर आहे; मी तिच्याच घरी उतरले होते. तिची आई, इंदूमावशी, नागपूरहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. उत्तर मला त्यांच्याकडे मिळाले, आणि तेही टॉवेल शोधताना. टॉवेल 'हॉट प्रेस'मध्ये असतात. आयर्लंडमध्ये कपाटाला 'प्रेस' म्हणतात आणि गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात असते, ते हॉट प्रेस. दार उघडले, तर झडप चालवणाऱ्या माझ्या नियंत्रकाचे लाल बटण बंद!

"मावशी, हे तुम्ही बंद केलंत?"

"मंग? गिझर चालू ठेवून कोणी बाहेर जाते का व? स्फोट झाला म्हणजे?"

"मावशी, हा गिझर नाही."

"लाल बटण आहे, बाजूला पाण्याची टाकी आहे. काहून नाही गिझर?"

शेजारच्या ब्रिजीबाई चहाला आल्या होत्या. मेघनाने हे इंग्रजीत सांगताच त्यांनी कप खाली ठेवला. "मीही रोज बंद करते. इमर्शन चालू ठेवून बाहेर पडले असते, तर आईने मला पुन्हा घरात घेतलं नसतं." इमर्शन म्हणजे टाकीतला विजेचा हीटर. तो चालू राहिल्याची धास्ती इथल्या प्रत्येक घरात असते, हे मला ठाऊक होते. माझ्या आराखड्याला मात्र नव्हते.

वीज तुटली की माझी झडप असेल त्या स्थितीत अडकते, बहुधा उघडी. मग तापलेल्या टाकीतून गरम पाणी दिवसभर निरर्थक फिरते. माझ्या पडद्यावर अशी घरे राखाडी, म्हणजे संपर्क तुटलेली, दिसत. इंटरनेट कमकुवत असेल, असे मी बसल्या जागी ठरवून टाकले होते.

ब्रिजीबाईंनी कोट चढवला. आम्ही दोघींनी दुपारभर दारे ठोठावली. बहुतेक हॉट प्रेसमध्ये तीच कथा. "एका रात्रीपुरतं चालू राहू दे," ब्रिजीबाई दारोदार सांगत, "पाप माझ्या माथी."

रविवारी सकाळी मी बसने जवळच्या समुद्रकाठी, स्ट्रँडहिलला गेले. समुद्र खवळलेला होता. पोहण्यास मनाई असते, पाहण्यास नाही. माशांचे दाट सूप, चाउडर, आणि ब्राउन ब्रेड अवश्य घ्या. एक वाटी जेवणाइतकी भरते. मला मात्र अर्धीच गेली.

सभेत मी आकडे दाखवले नाहीत. सगळ्यांना बॉयलरघरात नेले आणि डेक्लनना म्हटले, "हात लावा."

त्यांनी लावला. काढला नाही.

"म्हणजे सहा महिने चूक आमचीच होती?" त्यांनी विचारले.

"नाही. पाणी तापवून बटण बंद करणं हा शहाणपणा आहे. तो ज्या यंत्रणेत महाग पडतो, ती यंत्रणा चुकीची. ती मी केली, आणि मीच सुधारीन. काढून टाकू मात्र देणार नाही."

"तुला मताचा अधिकार नाही," मागून कोणी म्हणाले.

"मला आहे," ब्रिजीबाई म्हणाल्या आणि त्यांचा हात वर गेला. मग आणखी. मोजणी दोनदा झाली. सेंट पॅट्रिक्स डेपर्यंत, म्हणजे १७ मार्चपर्यंत मुदत मिळाली, अवघ्या चार मतांनी. "ग्रँड," म्हणजे 'ठीक आहे', डेक्लन म्हणाले, अगदी नाराजीने.

सोमवारी मेनूथला परतल्यावर अहवाल लिहिला. माझ्या कार्यालयाने सुचवले : कारण म्हणून 'वापरकर्त्यांची चूक' लिहावे आणि बटणावर कुलूपबंद झाकण बसवावे. मी ते लिहिले नाही. वीज जाताच स्प्रिंगने आपोआप मिटणारी झडप मागितली. ती महाग आहे, असे उत्तर आले. मी तोच अहवाल, एकही शब्द न बदलता, पुन्हा पाठवला.

लोक दूरवरून स्लायगोचा तो निळा-करडा डोंगर आणि लाटा पाहायला येतात, मीही पाहिल्या. पण माझ्यासोबत परत आली ती मावशींची ठाम नजर. त्यांना पटवून देणारे पत्रक मी लिहिणार नाही. मार्चपर्यंत प्रत्येक घरात अशी झडप बसेल, की मावशींसारख्या कोणीही बटण बंद केले म्हणजे उष्णताही बंद.